पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका

(बेळगावातील तरुणांच्या एका मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या मंडळाच्या चालकांनी आम्हांला ‘धंद्याला भांडवल कोठून आणावे’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. विषय चांगला आहे. परंतु तो आम्ही बदलून घेतला, आणि बदलण्याचे कारण आधी सांगतो. धंदा काढू इच्छिणारे जे तरुण गेल्या काही वर्षांत आमच्या कार्यालयात सल्ला विचारावयास आले, त्यांतील बहुतेकांचे घोडे पैशापाशी अडले नव्हते. कोणाच्या आईने दागिने गहाण ठेवण्याची तयारी दाखविली होती, कोणाच्या मामाने उसनवारीचा शब्द दिला होता, कोणी पुण्याच्या कारखान्यात चार वर्षे काढून पैसा गाठीला बांधून परत आला होता. त्यांचे घोडे अडले होते ते कचेरीच्या दारात. कोणता कागद कोणत्या खात्याचा, तो कोणाकडे मागावयाचा, त्याला दिवस किती आणि पैसे किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर त्यांच्या हाती नव्हते. होते ते ऐकीव ज्ञान. आणि ऐकीव ज्ञान एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना फुगत जाते. एकाने सांगितले, अकरा दाखले लागतात. दुसऱ्याने सांगितले, दाखले गेले खड्ड्यात, अमक्याला भेटल्यावाचून काही होत नाही.

अशा तरुणापुढे मग दोन वाटा उरतात. एक, पुण्याची गाडी पुन्हा पकडावयाची. दुसरी, परवान्याच्या भानगडीत न पडता दुकान उघडावयाचे आणि ‘बघू पुढचे पुढे’ म्हणावयाचे. दुसरी वाट धाडसाची वाटते. वस्तुतः ती गुलामगिरीची आहे. बिनपरवान्याचा दुकानदार हा गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या अधिकाऱ्याचे कूळ असतो. तो खंड भरतो, पण त्याला पावती मिळत नाही. परवान्याचे शुल्क वर्षातून एकदा सरकारी तिजोरीत जाते. बिनपरवान्याचे शुल्क महिन्याच्या महिन्याला कोणाच्या तरी खिशात जाते, आणि खिसा बदलला की दरही बदलतो. शिवाय असा दुकानदार बँकेच्या दारात उभा राहू शकत नाही, शेजारच्या गुंडाविरुद्ध तक्रार करू शकत नाही, जागेच्या मालकाने उद्या उठ म्हटले तर तोंड उघडू शकत नाही. ज्याच्या स्वतःच्या कागदात भोक आहे त्याला दुसऱ्याचा कागद मागता येत नाही.

म्हणून आजचा विषय परवाना. विषय रुक्ष आहे हे आम्हांला मान्य आहे. टाळ्या पडतील असे त्यात फारसे काही नाही.

प्रथम मुळापाशी जाऊ. भारतीय घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने कोणताही व्यवसाय, धंदा वा व्यापार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार राज्याला आहे. हक्क मूळचा आहे आणि निर्बंध मागाहूनचा, हा क्रम ध्यानात ठेवा. कारण कचेरीच्या खिडकीपाशी तो नेमका उलटा भासतो. तेथे असे वाटते की धंदा ही मुळात बंदी घातलेली गोष्ट असून, खिडकीच्या पलीकडचा गृहस्थ ती आपल्यावर कृपा म्हणून उठवीत आहे. 1951 च्या उद्योगविषयक कायद्याने मोठ्या कारखानदारांना दिल्लीचे उंबरठे झिजवावयास लावले. राजाजींनी त्या कारभाराचा ‘लायसेन्स-परमिट-कोटा राज’ म्हणून आयुष्याच्या उत्तरार्धात पिच्छा पुरविला. 1991 च्या जुलै महिन्यात तो पसारा बराचसा आवरला गेला आणि परवान्यांचे युग संपले असे देशभर लिहिले गेले. परंतु तेव्हा सुटला तो कारखानदार. खडेबाजारातील चहावाल्याला दिल्लीचा परवाना पूर्वीही लागत नव्हता. त्याचा परवाना येथल्या टेबलावरचा. आणि ते टेबल 1991 साली जागचे हलले नाही.

उदाहरणावाचून ही चर्चा हवेत जाईल, म्हणून एक खाणावळ घेऊ. समजा, शहापुरातील एक भगिनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत कॉलेजच्या मुलांसाठी खाणावळ काढू इच्छिते. सकाळी वीस-पंचवीस पाने, रात्री तेवढीच; मदतीला दोन बाया. हिला काय काय लागेल? गल्लीत चौकशी केली तर तिला अकरा दाखल्यांची यादी मिळेल. आम्ही ती यादी घेऊन बसलो आणि एकेक कायदा उघडून पाहिला. लागतात ते मुख्य कागद तीन.

पहिला महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना. कर्नाटकाच्या 1976 च्या महानगरपालिका कायद्याखाली तो मिळतो. जागा स्वतःची असेल तर मालकीचा कागद, भाड्याची असेल तर भाडेकरार, घरपट्टी भरल्याची पावती, आणि अर्जदाराची ओळख, हा त्यातला गाभा. परवाना सरकारी वर्षाचा असतो. म्हणजे फेब्रुवारीत घेतला तरी मार्चअखेर संपतो. घाईने वर्षअखेरीस परवाना घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. हीच खाणावळ येळ्ळुरात किंवा उचगावात काढावयाची असेल तर महापालिकेचा संबंध नाही. तेथे 1993 च्या पंचायत कायद्याखाली ग्रामपंचायतीकडे जावयाचे.

दुसरा कामगार खात्याचा. येथे 1961 चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा आहे, आणि त्यातील नोंदणी दुकान सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत करावयाची असते. म्हणजे हा कागद दुकान उघडण्याच्या आधी अडवून धरण्यासारखा नाहीच. तो नाही म्हणून उद्घाटन पुढे ढकललेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पलीकडे महाराष्ट्राने 2017 साली नवा कायदा करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी केवळ खात्याला कळवावयाचे. चांगली गोष्ट ज्याची असेल त्याच्याकडून घ्यावी, आणि ती येथेही मागावी.

तिसरा कागद अन्न नोंदणीचा, आणि त्याविषयी आम्हांला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखाली परवाने आणि नोंदणी यांचे नियम 2011 साली झाले. त्या नियमांनी लहान धंदेवाल्याला मोठ्यापासून वेगळे काढले. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल त्याला परवाना नको, केवळ नोंदणी पुरे, आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये, अशी रेषा त्यांनी आखली. या भगिनीची खाणावळ त्या रेषेच्या आत बसते. परंतु शंभर रुपयांपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याच नियमांत पुढे आहे. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत अधिकाऱ्याने तीनांपैकी एक गोष्ट करावयाची: नोंदणी द्यावयाची, लेखी कारणे देऊन नाकारावयाची, किंवा तपासणीची नोटीस काढावयाची. तपासणी काढली तर तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा. आणि या मुदतीत त्याने काहीच केले नाही तर? तर छोट्या अन्नव्यावसायिकाने आपला धंदा सुरू करावा, असे नियम स्वतःच सांगतो. मागाहून अधिकाऱ्याने सुधारणा सुचविल्या तर त्या पाळावयाच्या, एवढीच अट. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नोंदणी नाकारताही येत नाही.

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमचाही विश्वास बसेना, पुन्हा वाचले. जो कायदा लोकांना भिंतीसारखा वाटतो त्यात कायदा करणाऱ्यांनीच एक दार ठेवले आहे, आणि आपण वर्षानुवर्षे भिंतीशी डोके आपटून घेत आलो! मात्र या दाराला एक किल्ली लागते. सात दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून. आणि तो मिळाला हे कशावरून?

येथे आमच्याच फजितीची एक हकीकत सांगतो. बरीच वर्षे झाली. आमच्या परिचयाच्या एका तरुणाला पिठाची गिरणी काढावयाची होती. गाळा भाड्याने घेतला, यंत्राची इसारत दिली, विजेच्या जोडणीचा अर्ज गेला. एक दाखला मात्र मिळेना. कचेरी कोणती ते सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण तशा कचेऱ्या पुष्कळ आहेत. त्याने आम्हांला सोबत नेले. संपादक सोबत आहे म्हणून खुर्ची मिळाली, चहा मिळाला, ‘तुमचा अग्रलेख वाचतो हं’ असेही ऐकावयास मिळाले. दाखला मिळाला नाही. एकदा साहेब दौऱ्यावर होते. एकदा जागेचा उतारा जुना होता. तिसऱ्या खेपेस शेजाऱ्यांच्या संमतीचा मुद्दा निघाला, जो आधी दोन्ही वेळा कोणाला सुचला नव्हता. चौथ्या खेपेस एका नव्या कारकुनाने दप्तर चाळून शांतपणे सांगितले की, असा अर्ज येथे आलेलाच नाही.

आम्ही चवताळलो. परंतु ‘पोच दाखवा’ म्हणताच आमची दातखीळ बसली, कारण पोच घेतलेलीच नव्हती! नागरिकांच्या हक्कांवर स्तंभच्या स्तंभ लिहिणारे आम्ही, खुर्ची आणि चहा यांना भुललो आणि आवक-शिक्का मागावयास विसरलो. पाचव्या खेपेस त्या तरुणाने अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एका प्रतीवर शिक्का मारून द्यावयास नकार मिळाला, तेव्हा तेथून तो सरळ टपाल कचेरीत गेला आणि अर्ज पोचपावतीसह रजिस्टर टपालाने त्याच कचेरीला पाठविला. (ते रजिस्टर टपाल आता स्वतंत्र राहिलेले नाही, 1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टात विलीन झाले. काम त्यानेही होते.) बाराव्या दिवशी तपासणीस निरीक्षक आला आणि महिन्याच्या आत दाखला हाती पडला. पण तोपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. भाजणी दळण्याचे जे पंधरा दिवस गिरणीवाल्याला अर्ध्या वर्षाचे भाडे काढून देतात, ते बंद गाळ्यापुढे बसून गेले. चार महिन्यांचे भाडे त्याने अंगावर सोसले. तो मनुष्य आम्हांला कधी लागेल असे बोलला नाही. पण त्याच्या गिरणीपुढून जाताना आम्हांला ती दिवाळी आठवते.

म्हणून तुम्हांला आमचे सांगणे आहे की, ज्या दिवशी अर्ज द्याल त्या दिवशी पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. संगणकावरून अर्ज भराल तर जो क्रमांक येतो तो कागदावर छापून घ्या. केवळ दूरध्वनीच्या पडद्यावर ठेवू नका. कोणी तोंडी सांगेल की अमुक कागद कमी आहे, तर नम्रपणे म्हणा, ‘साहेब, हे लिहून द्या, उद्याच आणतो.’ राग नको, आवाज चढविणे नको. आमचा अनुभव असा की, मागितलेल्या दहा कागदांतील सहा कागद ‘लिहून द्या’ म्हणताच अनावश्यक ठरतात.

या राज्यात यासाठी एक चांगले हत्यार आहे आणि ते आपण गंजत ठेवले आहे. कर्नाटकाने 2011 साली नागरिकांना सेवांची हमी देणारा कायदा केला; 2012 च्या एप्रिलपासून तो ‘सकाल’ या नावाने अंमलात आला. कोणत्या सेवेला किती दिवस, याची यादी त्याखाली ठरलेली असते. यादीतील सेवेसाठी अर्ज दिला की क्रमांक मिळावयास हवा. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. आणि विलंबाबद्दल दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे रुपये, अर्जदाराला मिळावयाचे. वीस रुपये म्हणजे काय, असे म्हणून हसू नका. ते संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल व्हावयाचे असतात, आणि वीस रुपयांची ती नोंद त्याला वीस हजारांच्या टीकेपेक्षा जास्त बोचते. गोव्याने असा कायदा 2013 साली केला, महाराष्ट्राने 2015 साली. म्हणजे सावंतवाडीत वा म्हापशात धंदा काढणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही हेच सांगावयास हरकत नाही. आपापल्या कचेरीतील फलकावर ती यादी वाचा. फलक लावलेला नसेल तर तो का नाही, हा तुमचा पहिला अर्ज.

आता भाषेचा प्रश्न. तो आमच्या तोंडून निघणार हे तुम्ही धरूनच बसला असाल. तेव्हा निराश करीत नाही. येथील छापील अर्ज कानडीत, नियम कानडीत, नोटीस कानडीत. चार पिढ्या मराठीत हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला आपल्याच दुकानावर आलेली नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, आणि वाचून देणारा जो अर्थ सांगेल त्यावर त्याची झोप अवलंबून राहते. ही स्थिती न्यायाची नाही. भाषिक अल्पसंख्यांक ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे 1961 सालच्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच ठरले होते. घटनेच्या 350 व्या कलमाने आणखी एक हक्क दिला आहे: गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. येथे बारकावा आहे तो नीट ऐका. परवान्याचा अर्ज कानडी नमुन्यात भरावा लागला, तरी तो दडपून ठेवल्याचे गाऱ्हाणे मराठीत लिहून देण्याचा तुमचा हक्क अबाधित आहे. तो वापरा. वापरला नाही तर कागदोपत्री असेच दिसेल की येथे मराठीत गाऱ्हाणे करणारा कोणी नाही.

परंतु याच विषयाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी असावी असा कायदा या राज्याने 2024 साली केला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनीही पाटी मराठीत लावलीच पाहिजे, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने 2022 साली केली. तेव्हा राज्याने आपल्या भाषेची पाटी मागावी या तत्त्वाविरुद्ध आरडाओरडा करण्याचे नैतिक बळ आपल्यापाशी फारसे नाही. आपले भांडण उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी ठेवण्याचे आहे, आणि ते कायद्यातच बसते. ते चाळीस टक्के पुष्कळजण भीतीने मोकळे सोडतात किंवा इंग्रजीने भरून काढतात, याचे आम्हांला जास्त वाईट वाटते. आणि कानडी लिपी शिका. लिपी वाचावयास पंधरा दिवस पुरतात. शत्रूची भाषा म्हणून शिका असे आम्ही सांगत नाही. ज्याच्याशी रोज देणेघेणे आहे त्या शेजाऱ्याची भाषा म्हणून शिका. ज्याला आपल्यावर आलेली नोटीस स्वतः वाचता येते त्याला दलाल लागत नाही.

दलालांविषयी दोन शब्द. सगळेच लुच्चे असतात असे नाही. काहीजण प्रामाणिकपणे लिहिण्याचे काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. पण जी गोष्ट फुकट आहे तिचे पैसे घेणे ही चोरी होय. ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून चालू आहे आणि ती संपूर्ण विनामूल्य आहे. तिचे हजार-हजार रुपये मोजलेली माणसे या सभेत बसलेली असतील. हात वर करावयास सांगत नाही. तसेच ती नोंदणी म्हणजे परवाना नव्हे, हेही समजून घ्या; बँकेकडे व सरकारी योजनांकडे जाण्यासाठी तिचा उपयोग आहे, महापालिकेच्या निरीक्षकापुढे तिचा उपयोग नाही.

जीएसटीच्या बागुलबुवाचेही तेच. मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाख आणि सेवेला वीस लाख, या मर्यादेच्या आत नोंदणीची सामान्यतः सक्ती नाही. खाणावळ सेवेत मोडते, म्हणून तिला वीस लाख लागू. 2025 च्या जुलैत या राज्याच्या विक्रीकर खात्याने फोनवरून जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या आणि एका आठवड्यात कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. गदारोळ झाल्यावर जुनी बाकी वसूल करणार नाही असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले. त्या प्रकरणात आम्हांला दिसले ते असे की, ज्यांच्यापाशी साधी रोजकीर्द होती ते स्वस्थ होते. घरातल्या मुलाने वडिलांच्या खात्यावर पाठविलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच खात्यात मिसळून ठेवणारे घाबरले. एक वही आणि धंद्याचे वेगळे खाते, एवढे भांडवल तर आपल्यापाशी आहे!

ज्यांच्यापाशी दोन खोल्याही नाहीत, हातगाडी आहे, त्यांच्यासाठी थांबतो. रस्त्यावर विक्री करणे हाही धंदा असून तो एकोणिसाव्या कलमाच्या छायेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदानसिंग यांच्या खटल्यात मान्य केले. पुढे 2014 साली पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा झाला. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. उठवावयाचे किंवा हलवावयाचे झाले तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत देणे बंधनकारक. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत. जी नगर पथविक्रेता समिती हे सारे पाहते तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. गणपत गल्लीत भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या किती आयांना हे माहीत आहे? टोपली उचलून गाडीत फेकली जाते तेव्हा ती माउली हात जोडते. तिने ‘यादी द्या’ एवढे दोन शब्द म्हणावयाचे आहेत. पण ते तिने एकटीने म्हणावेत अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. तेव्हा तिच्या शेजारी उभे राहणे हे तुमचे काम.

इतका वेळ अधिकाऱ्यांविषयी बोललो, थोडे आपल्याविषयी. परवान्याची अट कोणी निव्वळ छळासाठी काढलेली नाही. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिल्समधील आगीत 14 माणसे गेली. 6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत 25 माणसे गेली, आणि त्यांत राबणारे कामगार पुष्कळ होते. पैसेवाल्याने परवान्याला वळसा घातला की मरतो तो स्वयंपाकघरातला पोरगा. आपली खाणावळ लहान आहे, पण तिच्यात घरगुती गॅसची टाकी लावणे हा गुन्हा आहे आणि धोकाही आहे. धंद्याची वेगळी टाकी मिळते, ती घ्यावी. खरकटे गटारात ओतून वर निरीक्षकाला लबाड म्हणू नये. लाडू वजनावर विकत असाल तर इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा. गिऱ्हाइकाचे पन्नास ग्रॅम खाणाऱ्याने दुसऱ्याच्या चिरीमिरीबद्दल बोलू नये. हे कठोर वाटले तर वाटो.

आमचा स्वतःचा धंदाही परवान्याचाच होता, हे जाता जाता सांगतो. वर्तमानपत्र काढावयाचे तर 1867 च्या इंग्रजी कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून घोषणापत्र करावे लागे. देश स्वतंत्र झाला, राज्ये मोडली, जुळली, ते घोषणापत्र काही हलेना. 2023 साली नवा कायदा झाला आणि त्यातून मॅजिस्ट्रेट गेला. एकशेछप्पन वर्षे! म्हणून जुने नियम एका भाषणाने बदलतील असा आमचा भ्रम नाही. पण ती गिरणी तेव्हा दिवाळीआधी सुरू व्हावयाला कोणताही नियम बदलण्याची जरुरी नव्हती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर एक शिक्का हवा होता.

तेव्हा आता कामाचे बोलू. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आमच्या कार्यालयाची पुढची खोली यासाठी मोकळी राहील. कानडी उत्तम लिहिणारे दोन मित्र आणि एक तरुण वकील बसावयास तयार झाले आहेत. पैसे कोणी घेणार नाही. येताना घरपट्टीची पावती, भाडेकरार असेल तर तो, ओळखीचा कागद आणि दोन छायाचित्रे आणा. आधी आलेली नोटीस असेल तर तीही, फाटली असली तरी. अर्ज तेथेच भरू, प्रत्येकाच्या दोन प्रती करू, आणि सोमवारी तुमच्यापैकीच एकेकजण दुसऱ्याच्या सोबतीला कचेरीत जाईल. आम्ही स्वतः येणार नाही. आम्ही आलो की चहा येतो.